कुलपाचा वाढदिवस

"वाढदिवस कुणाचा? नाव काय लिहू?" मी विचारलं.

"कुलूप," बायाक्का म्हणाली.

सवयीने माझी बोटं कीबोर्डवर गेली आणि तिथंच थांबली. मी मान वर करून पाहिलं. बायाक्का चौगुले चेष्टा करायला जिना चढून वर आली असेल असं तिच्या तोंडावरून वाटत नव्हतं. डोक्यावरचा पदर सारखा करून ती स्टुलावर बसली होती. पायाशी पाटी होती, पाटीत मेथीच्या दोन जुड्या.

"मंडईतल्या संडासाचं कुलूप," तिनं समजावून सांगितलं. "आज बावीस तारीख. बरोबर एक वरीस झालं लावून. लोकांच्या पोरांचं लावतासा न्हवं वाढदिवस? मग ह्येचा का नगं? आडनाव पायजे आसंल तर थोरवत लाव. त्यांच्याच काळात झालंय."

आमच्या 'येळणे दर्शन'वर कुणाच्याही वाढदिवसाची पट्टी लागायची. त्याला नियम नव्हता. पण कुलपाची कधी लागली नव्हती.

कसबा येळणे म्हणजे कोल्हापूरपासून एसटीने तासाभरावरचं गाव. गावाला नगरपालिका होती, मंडई होती, आणि अण्णा मेंगाण्यांचं केबल होतं. खाली अण्णांचं जुनं रेडिओ दुरुस्तीचं दुकान, वर दोन खोल्या. एका खोलीत निळा पडदा, दोन खुर्च्या आणि इम्तियाजचा कॅमेरा. प्लायवूडच्या भिंतीपलीकडे दुसरीत यंत्रं आणि अण्णा. तेवढ्यावर आमचं चॅनेल चालायचं. बातम्या वाचायला मी, मुलाखती घ्यायला मी, आणि पडद्याच्या तळाशी सरकणारी पट्टी टाइप करायलाही मीच. वाढदिवस, बारावं, हरवलेलं पाकीट, सापडलेली म्हैस, सगळं त्या पट्टीत यायचं. बातम्या लागल्या की लोक चहा टाकायला उठायचे. पट्टी मात्र डोळ्यांत तेल घालून वाचायचे. मला याचा तेव्हा फार राग यायचा. आता आठवलं की हसू येतं.

"मावशी, हे लावलं तर माझी नोकरी जाईल."

"आनि न्हाई लावलं तर?"

मी कीबोर्डवरची बोटं मागे घेतली.

"हे बघ, कल्याणी," ती म्हणाली. "सकाळी घरनं निघताना कपभर चा घेतो मी. तिथनं संध्याकाळपतोर पान्याचा थेंब न्हाई. पानी प्यालं की जावं लागतंय. जायाचं कुठं? पुरुषमानसं भिंतीकडं त्वांड करत्यात. आमी काय करायचं? जयू माझ्या शेजारी बसतीया, कोथमीर घिऊन. सात म्हैन्याची गरवार. तीबी पीत न्हवती. परवा मंडईतच चक्कर येऊन पडली. दवाखान्यात हाय. डॉक्टर तिलाच रागावला, पानी का पीत न्हवतीस म्हनून. तिनं काय सांगावं गं त्याला?"

तो संडास बांधून झाला त्या दिवशी नगराध्यक्ष थोरवतसाहेबांनी फीत कापली होती. इम्तियाजने ती चार बाजूंनी टिपली होती. 'मंडईतील महिलांची गैरसोय अखेर दूर' ही बातमी मीच वाचली होती, मोरपंखी साडी नेसून. फीत कापून पाहुणे गेले आणि मुकादमाने दाराला कुलूप घातलं, कारण नळाची जोडणी व्हायची होती. ती वर्षभर झाली नाही. टीव्हीवर मात्र गैरसोय दूर झाली होती.

आणि बायाक्काने काही आजच तोंड उघडलं नव्हतं. दर गुरुवारी संध्याकाळी सातला आमचा 'थेट भेट' नावाचा कार्यक्रम असायचा. समोरच्या खुर्चीत कुणीतरी मोठा माणूस बसायचा आणि लोकांनी फोन करून प्रश्न विचारायचे. निदान लोकांना तसं वाटायचं. खरी पद्धत अशी होती की फोन चार ते सहा या वेळात यायचे, मी नाव, नंबर आणि प्रश्न वहीत उतरवून घ्यायचे, सहा वाजता अण्णा लाल पेनने पाच नावांपुढे खुणा करायचे, आणि कार्यक्रम सुरू झाला की त्या पाचांना आम्हीच उलट फोन लावायचो. ज्याच्यापुढे खूण नाही त्याला वाटायचं, लाइन बिझी असेल. बायाक्काचं नाव मी बारा गुरुवार लिहिलं होतं. बारा वेळा ते खुणेविना राहिलं होतं.

अण्णा वाईट होते असं कुणी समजू नये. पुराच्या साली हाच माणूस पाच दिवस त्या खोलीतून हलला नव्हता. कुणाचं कुटुंब कुठल्या शाळेत आहे, कुणाच्या गच्चीवर माणसं अडकलीत, ते लोक फोन करून सांगायचे आणि अण्णा आतूनच माइकवर जसंच्या तसं वाचून दाखवायचे. तेव्हा वही नव्हती, लाल पेनही नव्हतं. पुढे एकदा एका दारू प्यालेल्याने चालू कार्यक्रमात तहसीलदारांचा उद्धार केला, तोही घराघरांत जेवणं चालू असताना, आणि अण्णांनी हाय खाल्ली. त्यात नगरपालिकेच्या जाहिराती सुरू झाल्या. पाचांत कुणाला घ्यायचं हे मग हळूहळू आपोआप ठरायला लागलं.

पट्टी मात्र अण्णा कधी तपासायचे नाहीत. "वाढदिवसात काय तपासायचं?" म्हणायचे. "तिथं तुझं राज्य."

त्या दिवशी गुरुवारच होता, आणि थेट भेटीला थोरवतसाहेबच येणार होते. निवडणूक दोन महिन्यांवर होती.

मी बायाक्काकडे पाहिलं. तिचे ओठ सुकून फुटलेले होते. एरवी मी ते पाहिलेही नसते.

"पाणी घेता का, मावशी?"

"नगं. आजून मंडईत बसायचं हाय."

मी टाइप केलं: 'मंडईतील महिला स्वच्छतागृहाचे चि. कुलूप यास प्रथम वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा! शुभेच्छुक: मंडईतील समस्त भाजीवाल्या.' तिला वाचून दाखवलं. 'चि.' ऐकून ती पहिल्यांदा हसली. मेथी टेबलावर ठेवून जिना उतरली.

सहा वाजता अण्णांनी वही मागितली. बायाक्काचं नाव मी त्याही दिवशी लिहिलं होतं; तेराव्यांदा ते ओलांडून त्यांचं पेन खाली गेलं. मग मात्र माझं ठरलं. मी पट्टी चढवली. दर चार मिनिटांनी ती येणार होती, दोन वाढदिवस आणि एका बाराव्याच्या मागोमाग.

सात वाजता थोरवतसाहेब खुर्चीत बसले. आवाज नको म्हणून पंखा बंद, वर दोन हॅलोजन. आम्हाला आत पडदा दिसायचा नाही. काय चाललंय ते अण्णांना पलीकडच्या खोलीत दिसायचं, तेही त्यांचं लक्ष असलं तर. ते उलट फोन लावण्यात गुंतलेले असायचे. थोरवतसाहेब महिलांच्या सन्मानाबद्दल बोलत होते. आवाज भारदस्त, शब्द तोलून मापून. मी मान हलवत होते आणि मनात मिनिटं मोजत होते. आता आली असेल. आता परत आली असेल. त्यांच्या कोटाच्या दुसऱ्या बटणाच्या खालून चाललेली असेल.

पहिला फोन झाला. दुसरा झाला. मग प्लायवूडपलीकडची घंटी वाजायला लागली. आम्ही लावलेली नव्हे, बाहेरून येणारी. एकसारखी.

"बघा," थोरवतसाहेब कॅमेऱ्याकडे बघून म्हणाले, "जनतेचा किती प्रतिसाद आहे."

तेवढ्यात त्यांच्या खिशातला मोबाइल थरथरला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. त्यांनी हळूच तो काढला, मांडीवर धरला आणि खाली बघितलं. त्यांच्यासमोर बसल्यामुळे मला तो उलटा दिसत होता. कुणीतरी आपल्या घरच्या टीव्हीचा फोटो काढून पाठवला होता. फोटोत थोरवतसाहेब होते, हात उंचावून बोलणारे, आणि खाली वाढदिवसाच्या शुभेच्छा.

मी आजवर कुणा माणसाला स्वतःलाच असं बघताना पाहिलेलं नाही. त्यांनी आधी त्या फोटोकडे, मग कॅमेऱ्याकडे, मग माझ्याकडे बघितलं. पुढचा प्रश्न मला पाठ होता, तो मी सपशेल विसरले.

आणि छताला टांगलेल्या स्पीकरमधून आवाज आला, "हॅलो? हॅलो, कोन बोलतंय?"

"आपलं नाव?" मी म्हटलं. इतकं मात्र सवयीनेच निघालं.

"मी बायाक्का चौगुले बोलतोय, मंडईतनं... आगं बया, टीव्हीतबी मीच की!"

"मावशी, तुमच्या टीव्हीचा आवाज कमी करा."

"माझा न्हवं, चावाल्याचा हाय. ए, बारीक कर त्यो! हां. नमस्कार, सायेब."

"नमस्कार, ताई," थोरवतसाहेब सावरले. "तुमची भावना आमच्यापर्यंत पोचलेली आहे. त्यात थोडी तांत्रिक अडचण..."

"सायेब, किल्ली कुनाकडं आसती?"

"किल्ली ना? ती मुकादमाकडे असेल."

"मुकादम हितंच हाय. चा पितोय, तुमास्नीच बघतोय. त्याला सांगा की."

असा पेच त्यांच्यावर कधी आला नसेल. सांगावं तर वर्षभर का नाही सांगितलं? न सांगावं तर सगळं गाव बघतंय. कपाळावरचा घाम भुवईत उतरला. शेवटी त्यांनी कॅमेऱ्यात बघून, समोर माणूस उभा असल्यासारखं म्हटलं, "मुकादम, कुलूप काढा."

स्पीकरमधून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग नुसता गलका. आम्ही दोघं समोरासमोर बसून राहिलो. इम्तियाजने कॅमेरा हलवला नाही. पोरगं डोळा लावून उभं होतं, पण खांदे हसत होते. तीन-चार मिनिटं झाली असतील; मला ती लग्नातल्या अंतरपाटासारखी वाटली. मग बायका एकदम ओरडल्या आणि टाळ्या पडल्या.

"निघालं!" बायाक्काला धाप लागली होती. मग जरा थांबून ती म्हणाली, "सायेब, नळ कोरडा हाय."

"उद्या सकाळी टँकर येईल."

"किती वाजता?"

"सात."

"सगळ्यांनी ऐकलं न्हवं?" तिनं तिकडं कुणालातरी विचारलं आणि फोन ठेवला.

टँकर सातला नाही, पावणेनऊला आला, पण आला. आठवड्यात नळही जोडला गेला.

दुसऱ्या दिवशी मी लवकर गेले. अण्णा एकटेच होते. टेबलावर बायाक्काची मेथी तशीच पडून सुकली होती.

"पट्टी तू लावलीस?"

"हो."

"मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही नाही म्हणाला असता, अण्णा."

"म्हणालो असतो," ते म्हणाले. "पण विचारायचं होतंस, कल्याणी. तुला मी पोरीसारखं मानलं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी रागवायला हवं होतं, ते रागावले नाहीत. त्यापुढे आठवडाभर माझ्याशी कामापुरतं बोलले. नगरपालिकेच्या जाहिराती शनिवारीच थांबल्या. मला वाटलं, आज नाहीतर उद्या हे मला घरी पाठवणार, आणि त्यांचं काही चुकणार नाही.

गावात मात्र अण्णांची दिवाळी चालली होती. तो फोटो कार्यक्रम संपायच्या आत मस्कतच्या माझ्या चुलतभावापर्यंत पोचला होता. बायाक्काच्या फोनचे तुकडे ज्याच्या त्याच्या मोबाइलवर वाजत होते. पट्टी लोकांना आवडली, पण पट्टीचं काय, कुणीही लावतं. ऐन कार्यक्रमात, नगराध्यक्षांसमोर, तिचा फोन जोडला तो अण्णांनी. अशी छाती कुणाची असते? ग्रुपवर अण्णांच्या फोटोला पुष्पवृष्टी चालली होती. एका तरुण मंडळाने चौकात फ्लेक्स लावला, 'निर्भीड आवाज'. मंडईतल्या बायका हार घेऊन आल्या. अण्णांनी हार हातात घेतला, गळ्यात घालू दिला नाही, आणि पाणी प्यायला म्हणून आत निघून गेले. मोठी माणसं कौतुकाला अशी लाजतात, असं मला वाटलं. अभिमानही वाटला.

आता अण्णा नाहीत. चॅनेल त्यानंतर दीड वर्षांनी बंद पडलं, खोल्यांमध्ये मोबाइलच्या कव्हरांचं दुकान आहे. माझ्या फोनवर गावाचे सात ग्रुप आहेत. ज्याच्या त्याच्या हातात ज्याचं त्याचं चॅनेल आहे, कुणाच्या लाल पेनाची गरज नाही, आणि ते बरंच झालं असं मी स्वतःला सांगते. रोज शंभर प्रश्न पडतात. उत्तर द्यायला समोर खुर्चीत मात्र कुणी येऊन बसत नाही. मग मला तो पुढचा गुरुवार आठवतो. इतका आठवतो की हातातला फोन बाजूला ठेवून मी उगाच बसून राहते.

त्या गुरुवारी आमच्याकडे पाहुणाच नव्हता. तिघांना विचारलं, तिघांनाही कामं निघाली. साडेसहाला मी म्हटलं, "अण्णा, जुना कार्यक्रम लावू या का?"

"नको. वही कुठाय?"

मी पुढे केली. त्यांनी ती मिटूनच कपाटावर टाकली.

"आज फोन येतील तसे घ्यायचे," ते म्हणाले. "इम्तियाज, कॅमेरा लावून ठेव आणि तू फोनच्या बोर्डावर बस."

"आणि पाहुणे?" मी विचारलं.

अण्णांनी शर्टाचं वरचं बटण लावलं आणि पाहुण्यांच्या खुर्चीत जाऊन बसले. सतरा वर्षांत ते कधी पडद्यावर आले नव्हते. हॅलोजनखाली ते एकदम म्हातारे दिसले. मला विचारायचं होतं की हे काय चाललंय, पण सात वाजले होते.

पहिलाच फोन बायाक्काचा होता.

"अण्णा, जयू घरी आली बघा. बरी हाय. आता तांब्या भरून घिऊन बसतीया." आवाजात हसू होतं. "तुमी फोन लावलासा म्हनून झालं ह्ये. आमच्या बायका म्हनत्यात, अण्णांचं उपकार फेडायचं कसं?"

"बायाक्का," अण्णा म्हणाले, "माझे उपकार नाहीत."

"आसं कसं?"

"तुमचा फोन मी बारा गुरुवार लावला नाही. तेराव्यालाही लावणार नव्हतो. लाइन बिझी नसायची. आम्ही माणसं निवडून घेतो आणि तुमचं नाव मी गाळत होतो."

हे आजवर त्या दोन खोल्यांबाहेर गेलेलं नव्हतं.

"मग त्या दिवशी?" बायाक्काने विचारलं.

"त्या दिवशी घंट्या थांबेनात. माझा जीव घाबरा झाला. आमच्या बोर्डावर एक खटका आहे, खाली केला की फोन बंद, वर केला की कार्यक्रमात. मी तुमचा आवाज ओळखला आणि बंद करायला गेलो. हात कापत होता. खटका वर गेला. मी भ्यालेलो होतो, बायाक्का. गाव म्हणतं ते निर्भीड वगैरे खोटं आहे. कुलूप माझ्या हातून चुकून निघालं."

स्पीकर नुसता खरखरत राहिला. तिने फोन ठेवला असं मला वाटलं. अण्णा मात्र हलले नाहीत. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून, मास्तरांसमोर बसलेल्या पोरासारखे वाट बघत राहिले. माझा त्यांच्यावर त्या क्षणाइतका जीव कधीच जडला नव्हता.

"बारा गुरवार," बायाक्का शेवटी म्हणाली. "लई राग आलाय मला, अण्णा. खोटं कशाला सांगू?"

"यायलाच पाहिजे."

"पन आता त्या खुर्चीत बसलायसा न्हवं? मग ऊठू नगासा. माझ्यामागं बायका उभ्या हाईत. त्यास्नीबी इचारायचं हाय."

"विचारू दे," अण्णा म्हणाले. "मी बसलोय."